भांडण एक, कोर्टं अनेक: खानदेशातल्या खालच्या न्यायालयांची फेररचना कशी व्हावी?

प्रश्न अमळनेरच्या एका विद्यार्थ्याचा आहे. विधी शाखेचं शेवटचं वर्ष. त्याचं म्हणणं असं: "अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात खालच्या न्यायालयांचे अकरा प्रकार आहेत आणि ते मोडून दोन-तीनच ठेवावेत असा प्रयत्न बरीच वर्षं चालू आहे. महाराष्ट्रातही दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, महसुली अशी वेगवेगळी कोर्टं एकत्र करून एकच न्यायालय करावं का? जळगाव-धुळे-नंदुरबारच्या माणसाला त्याचा उपयोग होईल का?"

उपयोग होईल, पण पाट्या एकत्र करून होणार नाही. न्यायालयांचं एकत्रीकरण म्हटलं की लोक इमारती आणि पदं मोजतात. पक्षकार मोजतो ते वेगळंच: माझ्या एका भांडणासाठी मला किती ठिकाणी तारखेला जावं लागतं? आमचे पक्षकार अहिराणीत विचारतात, "साहेब, भांडन एकच शे, मंग कोर्ट इतला कसाले?" फेररचनेच्या कोणत्याही योजनेला मी आधी हा प्रश्न लावून पाहतो. इतकी वर्षं जळगाव आणि आसपासच्या तालुक्यांत दिवाणी वकिली केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की एका भांडणाची सुनावणी एका ठिकाणी, शक्यतो एकाच न्यायाधीशापुढे व्हावी. बाकीची रचना या एका गोष्टीसाठी वाकवावी.

आधी न्यूयॉर्कबद्दल, कारण तिथली अडचण समजली की आपली वेगळी कशी ते कळतं. तिथे 'सुप्रीम कोर्ट' नावाचं न्यायालय राज्यातलं सर्वोच्च न्यायालय नाही, ते मूळ दावे चालवणारं कोर्ट आहे. सर्वोच्च तिथलं 'कोर्ट ऑफ अपील्स'. घटस्फोट सुप्रीम कोर्टात मिळतो, फॅमिली कोर्टाला तो देता येत नाही, पण मुलांचा ताबा आणि पोटगी फॅमिली कोर्टात चालते. सरकारविरुद्ध नुकसानभरपाई मागायची तर वेगळं 'कोर्ट ऑफ क्लेम्स'. एकाच अपघातात सरकारी गाडी आणि खासगी गाडी दोन्ही दोषी असल्या तर जखमी माणसाला दोन कोर्टांत दोन दावे लावावे लागतात. मृत्युपत्राला आणखी वेगळं कोर्ट. हे सगळं राज्याच्या घटनेतच लिहिलेलं असल्यामुळे बदलायचं तर दोन वेगवेगळ्या निवडणुकांतून आलेल्या विधिमंडळांची मंजुरी आणि नंतर जनमत लागतं. १९९७ मध्ये तिथल्या मुख्य न्यायाधीश ज्युडिथ केय यांनी प्रस्ताव आणला, २००७ मध्ये एका विशेष आयोगाने अहवाल दिला, २०१९ मध्ये मुख्य न्यायाधीश जॅनेट डिफिओरे यांनी पुन्हा तीच मागणी केली. याउलट कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये जनमत घेतलं आणि २००१ पर्यंत सर्वच्या सर्व ५८ काउंट्यांमध्ये म्युनिसिपल आणि सुपीरियर ही दोन्ही कोर्टं एकत्र झाली. म्हणजे हे होऊ शकतं.

आता आपल्याकडे पाहा. चोपडा, यावल, साक्री, नवापूर, कुठलंही तालुका कोर्ट घ्या. तिथला दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, हाच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतो. सकाळी पुकारा होतो तेव्हा रिमांडचा आरोपी, चेक न वटल्याची तक्रार, बांधाच्या मनाईचा अर्ज, पोटगीचं प्रकरण हे सगळं एकाच बोर्डावर, एकाच खुर्चीपुढे येतं. न्यूयॉर्कवाले ज्यासाठी घटनादुरुस्ती मागतात त्यातला मोठा भाग आपल्या तालुक्यात रोज घडतो. १८६९ च्या दिवाणी न्यायालयांच्या कायद्याने जिल्हा न्यायाधीश आणि त्यांच्याखाली दिवाणी न्यायाधीश अशी सरळ उतरंड दिली. मुंबई राज्याने १९५१ चा कायदा करून न्यायदंडाधिकाऱ्यांना महसूल खात्यापासून वेगळं काढलं, पुढे १९७३ च्या फौजदारी संहितेने ते देशभर झालं. खालच्या न्यायाधीशांच्या वेतन-सेवाशर्तींसाठी नेमलेल्या न्या. शेट्टी आयोगाच्या शिफारशींनंतर कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर आणि जिल्हा न्यायाधीश ही नावंही देशात सारखी झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने महानगर दंडाधिकारी आणि सहायक सत्र न्यायाधीश ही पदं काढून टाकली. कागदावर ही मोठी सुटसुटीत रचना दिसते. खानदेशातल्या पक्षकाराला तिचा फरक जाणवला नाही, कारण त्याची अडवणूक त्या पदांमुळे होतच नव्हती.

त्याची अडवणूक कुठे होते ते शेतजमिनीच्या वाटपाच्या दाव्यात दिसतं. हे उदाहरण मी लांबवून सांगणार आहे, कारण आमच्याकडच्या दिवाणी कामाचा गाभा तोच आहे.

धरा, भडगाव तालुक्यात गिरणेकाठी वडिलोपार्जित बागायत आहे. वडील वारले. दोन भाऊ, एक बहीण. थोरला गावी शेती करतो, धाकटा सुरतेला कामाला, बहीण पाचोऱ्याला दिलेली. बहिणीला हिस्सा हवा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला जन्मतः हिस्सेदार मानलं, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात उरलेल्या शंका मिटवल्या. कायदा तिच्या बाजूने स्वच्छ आहे. ती दावा लावते.

पहिली अडचण दाव्याचं मूल्यांकन. कनिष्ठ स्तर न्यायालयाची मर्यादा ५ लाख रुपयांची. प्रतिवादी म्हणतो, मूल्यांकन चुकलं, दावा वरिष्ठ स्तराकडे जायला हवा. यावर अर्ज, म्हणणं, युक्तिवाद. मग सुरतेच्या भावाचं समन्स. ते परराज्यात जातं, बजावणी न होता परत येतं, पुन्हा निघतं. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत द्यावी असं २००२ पासून कायद्यात आहे, पण ही मुदत बंधनकारक नसून मार्गदर्शक आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलं, तेव्हा खर्च भरून कैफियत नंतरही येते. आता कैफियतीत थोरला भाऊ लिहितो की यातल्या एका गटावर चुलत्याचं कूळ, म्हणजे खंडाने कसण्याचा हक्क, आहे. झालं. कूळ कायद्याच्या कलम ८५-अ प्रमाणे कूळ आहे की नाही हे दिवाणी कोर्टाला ठरवता येत नाही. कोर्टाने मुद्दा काढून तो तहसीलदाराकडे पाठवायचा आणि उत्तर येईपर्यंत दावा थांबवायचा. तहसीलदाराच्या निकालावर अपील, अपिलावर महसूल न्यायाधिकरणात फेरतपासणी. न्यायाधीश, वकील, पक्षकार सगळे हजर असून दावा जागच्या जागी उभा.

उत्तर येतं. पुरावा होतो. प्राथमिक हुकूमनामा होतो: प्रत्येकाला एक तृतीयांश. पेढे वाटले जातात. पण बहिणीला अजून एक गुंठाही मिळालेला नसतो. थोरला जळगावला अपील करतो, तिथे हरला तर दुसरं अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. तिथेही हुकूमनामा टिकला की मग खरी गंमत संपते आणि खरं काम सुरू होतं. सरकारला सारा भरणारी जमीन असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष वाटप कोर्ट करत नाही, जिल्हाधिकारी करतात. कोर्टातून कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदाराकडे, तिथून मोजणीसाठी भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकाकडे. मोजणीची फी भरा, तारीख घ्या. तारीख आली तर कपाशी उभी, किंवा पाऊस, किंवा समोरच्याने अडवलं म्हणून पोलीस बंदोबस्ताचा अर्ज. नकाशा झाला की हरकती: विहीर कोणाकडे, रस्त्याकडचा तुकडा कोणाला, १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे इतका छोटा तुकडा पाडता येतो का. या काळात धाकटा भाऊ वारतो, त्याचे वारस रेकॉर्डवर घ्यायचे. शेवटी ताबा पावती होते आणि कागद कोर्टात परत येतात.

एवढ्यावर संपत नाही. ज्या दिवशी बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लावायचा फेरफार पडतो, त्यावर हरकत येते. मंडळ अधिकारी, प्रांत, अपर जिल्हाधिकारी, नाशिकचे अपर आयुक्त आणि शेवटी मंत्रालय, अशी ही वेगळी चढण. फेरफाराने मालकी ठरत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. तरीही दिवाणी हुकूमनामा हातात असलेली बाई नाशिकच्या चकरा मारते. आणि वाटपात आतला तुकडा वाट्याला आला असेल तर शेतात जायला रस्ता मागायचा तो पुन्हा तहसीलदाराकडे: नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली, वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली. दोन्हींचे पुढचे मार्ग वेगळे. कलम १४३ च्या निकालावर नाराज माणूस एका वर्षात दिवाणी दावा लावू शकतो. म्हणजे वाटपाच्या दाव्यातून बाहेर पडलेलं कुटुंब त्याच शेतासाठी पुन्हा त्याच दिवाणी कोर्टात, नव्या नंबराने.

ही साखळी नीट पाहिली तर लक्षात येईल की भांडण बाहेर जातं ते महसूल खात्याच्या दारातून. दिवाणी आणि फौजदारी कोर्टं एकत्र केली काय, न केली काय, या बहिणीच्या तारखा कमी होत नाहीत. न्यायालयांच्या फेररचनेवर चर्चासत्रं होतात त्यांत महसुली न्यायदान जवळजवळ येतच नाही, कारण ते न्यायव्यवस्थेच्या आराखड्यात धरलेलंच नसतं. खानदेशातल्या शेतकऱ्याच्या लेखी मात्र तहसीलदार हेच पहिलं कोर्ट आहे. त्या तहसीलदारावर निवडणूक, टंचाई, पंचनामे, वाळू, रेशन या सगळ्याचा भार आहे. कामाच्या त्या धबडग्यात तो सुनावणीला बसतो आणि त्याच्याकडून न्यायिक शिस्तीने लिहिलेल्या निकालाची अपेक्षा केली जाते. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही, रचनाच चुकीची आहे.

म्हणून माझी पहिली मागणी कलम ५४ बदलण्याची. वाटप कोर्टाने स्वतः करावं, भूमी अभिलेखचा मोजणीदार कोर्ट कमिशनर म्हणून नेमावा, नकाशा थेट न्यायाधीशापुढे यावा, हरकतीही तिथेच ऐकाव्यात. घर-प्लॉटच्या वाटपात हे आजही होतं. त्याच संहितेच्या ऑर्डर २६ नियम १३ मध्ये कमिशनरची सोय आहे, पण तो नियमच म्हणतो की कलम ५४ मध्ये न येणाऱ्या प्रकरणांसाठी. म्हणजे गावठाणातल्या घरासाठी सरळ वाट आणि शेतासाठी वळणाची. कायद्याच्या विद्यार्थ्याने इथे एक फरक नीट धरावा. संहितेच्या ऑर्डर आणि नियम उच्च न्यायालय कलम १२२ खाली बदलू शकतं, पण कलमं बदलायला विधिमंडळ लागतं. दिवाणी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे महाराष्ट्राला राज्यापुरती दुरुस्ती करता येते, राष्ट्रपतींची संमती घेऊन. यात अशक्य काही नाही. तोपर्यंत निदान एवढं पाळलं जावं: २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कट्टुकंडी खटल्यात सांगितलं की प्राथमिक हुकूमनामा झाला की कोर्टाने प्रकरण बंद न करता पुढच्या कारवाईसाठी स्वतःहून तारीख लावावी, पक्षकाराने वेगळा अर्ज करण्याची वाट पाहू नये. तालुका पातळीवर हे मनापासून अमलात आलं तरी कितीतरी कुटुंबांची वर्षं वाचतील. प्राथमिक हुकूमनामा झाला की प्रकरण 'निकाली' मोजायची सवय मात्र आधी मोडावी लागेल. तो आकडा न्यायाधीशाच्या कामाच्या मोजणीत चांगला दिसतो, पक्षकाराच्या हाती त्याने काही पडत नाही.

दुसरी मागणी कलम ८५-अ बद्दल. कूळ आहे की नाही हा पुराव्याचा प्रश्न आहे. जुने पीकपाहणीचे उतारे, खंडाच्या पावत्या, साक्षीदार. हे तपासायला दिवाणी न्यायाधीश पूर्ण सक्षम आहे. १९४८ साली जमीनदारीच्या दबावापासून कुळाला वाचवायला तो मुद्दा महसूल अधिकाऱ्याकडे देणं समजण्यासारखं होतं. आज बहुतेक वेळा तो वेळ काढण्यासाठी घेतला जातो. हा मुद्दा दाव्यातच ठरू द्यावा. आदिवासी जमिनींचं मात्र वेगळं ठेवावं. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा आणि महसूल संहितेतलं ३६-अ कलम, यांत दिवाणी कोर्टाला लांब ठेवण्यामागे दुबळ्या पक्षकाराचं संरक्षण हा हेतू आहे. तो अजून संपलेला नाही. सुटसुटीत करण्याच्या नादात ते कुंपण काढू नये.

आता घरातल्या भांडणाकडे. इथे मात्र न्यूयॉर्कची आणि आपली अडचण सख्ख्या बहिणींसारखी आहे. पारोळ्याची मुलगी, सासर शिरपूरला. छळाचा गुन्हा, पूर्वीचं ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पोटगी पूर्वीच्या १२५ आणि आताच्या १४४ कलमाखाली, तीही तिथेच पण वेगळ्या नंबराने. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज आणखी वेगळ्या नंबराने. नवऱ्याने नांदायला येण्यासाठी किंवा घटस्फोटासाठी लावलेला अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाकडे, दुसऱ्या जिल्ह्यात. मुलाच्या पालकत्वाचा १८९० च्या कायद्याखालचा अर्ज जिल्हा न्यायालयात. प्रत्येक ठिकाणी नवऱ्याचं उत्पन्न किती हा एकच प्रश्न, त्यावर तेच पुरावे, आणि अंतरिम पोटगीचे आकडे वेगवेगळे. २०२० मध्ये रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सगळीकडे द्या आणि आधीच्या आदेशाची माहिती पुढच्या कोर्टाला सांगा. आणि शिरपूरचा अर्ज पारोळ्याकडे वर्ग करून हवा असेल तर? जिल्हा न्यायाधीशाचा वर्ग करण्याचा अधिकार आपल्या जिल्ह्यापुरता. धुळे-जळगाव असे दोन जिल्हे आले की त्या मुलीने खंडपीठात अर्ज करायचा. कडेवर मूल घेऊन छत्रपती संभाजीनगर.

इथे नवा कायदा करायचीही गरज नाही. कौटुंबिक न्यायालय १० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात सक्तीचं आहे, तेव्हा पारोळा-शिरपूरला ते येण्याची वाट पाहू नये. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम २६ सांगतं की त्या कायद्यातली मदत दुसऱ्या कुठल्याही दिवाणी, कौटुंबिक किंवा फौजदारी कोर्टातल्या चालू प्रकरणात मागता येते. हिंदू विवाह कायद्याखालचे अधिकार कुठल्या दिवाणी कोर्टाला द्यायचे हे राज्य सरकार अधिसूचनेने ठरवू शकतं. म्हणजे एका जोडप्याची सगळी प्रकरणं एकाच न्यायाधीशापुढे, एकाच दिवशी लावणं हे अधिसूचना आणि जिल्हा न्यायाधीशांच्या कामवाटपाच्या आदेशाने साधतं. दोन जिल्ह्यांचा प्रश्न आला तर बायको राहते तिथे, हा साधा नियम ठेवावा. बायकोला ती राहते तिथे स्वतःचा अर्ज करण्याची सोय २००३ पासून विवाह कायद्यात आहेच, नवऱ्याच्या अर्जालाही तीच जागा लावावी. छळाचा फौजदारी खटला मात्र यात मिसळू नये. तिथे पुराव्याची पातळी वेगळी आणि आरोपीचे हक्कही वेगळे. तारीख त्याच दिवशी लावली तरी पुरे.

व्यापारी वादांत सुधारणा उलट्या दिशेने गेली. २०१५ चा वाणिज्य न्यायालय कायदा १ कोटीच्या वादांसाठी आला तेव्हा आमच्याकडे त्याचा फारसा संबंध नव्हता. २०१८ मध्ये मर्यादा ३ लाखांवर आणली. रावेरच्या केळी व्यापाऱ्याचं दिल्लीच्या खरेदीदाराकडे अडकलेलं बिल सहज तेवढं असतं. हा वाद 'वाणिज्य' आहे की साधी वसुली? वाणिज्य असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची, ती केली नाही तर दावाच फेटाळला जातो, २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालाने ते पक्कं केलं. वाणिज्य नसेल आणि तिथे लावला तर दावा परत. प्रतिवादीला पैसे द्यायचे नाहीत एवढंच ठरलेलं असतं. अशा माणसाला 'कोर्ट चुकलं' हा बचाव आयता मिळतो. जितकी वेगळी कोर्टं, तितके हे बचाव. पोक्सो, ठेवीदार संरक्षण, अॅट्रॉसिटी, वीजचोरी, मोटार अपघात, प्रत्येक कायद्याने आपलं विशेष न्यायालय मागितलं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यातली कित्येक नावं एकाच अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशाच्या दारावर एकत्र टांगलेली असतात. बोर्ड तोच, लघुलेखक तोच, दिवसही तेवढाच लांब.

यावर उपाय एका नियमाचा आहे: चुकीच्या कोर्टात आलेला दावा पक्षकाराच्या हातात परत देऊ नये, आतूनच योग्य कोर्टाकडे पाठवावा, तीच दाखल तारीख आणि तीच कोर्ट फी धरून. आज ऑर्डर ७ नियम १० खाली दावा परत मिळतो, मग तो नव्याने दाखल करायचा, मधला काळ मुदतीतून वगळायला मुदत कायद्याच्या कलम १४ चा आधार घ्यायचा आणि त्यावर पुन्हा वाद. ई-कोर्टच्या नोंदणीत प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर न्यायला आता तांत्रिक अडचण उरलेली नाही. तसंच जिथे कनिष्ठ आणि वरिष्ठ स्तर एकाच आवारात बसतात, तिथे ५ लाखांच्या रेषेचा वाद पक्षकाराने का घालावा? ते कामवाटप आतल्या आत व्हावं.

ग्रामन्यायालयाबद्दलही विचारणा होते म्हणून सांगतो. २००८ चा कायदा, २ ऑक्टोबर २००९ पासून लागू. पंचायत समितीच्या पातळीवर एक न्यायाधिकारी, त्याला दिवाणी-फौजदारी दोन्ही अधिकार, पुराव्याच्या कायद्याचं काटेकोर बंधन नाही, गावोगाव जाऊन कोर्ट भरवण्याची मुभा, अपील एकच आणि तेही सहा महिन्यांत. कागदावर मला याहून चांगली रचना माहीत नाही. अक्राणी तालुक्यासाठी ती जणू बेतलेली आहे. धडगावचं कोर्ट तोरणमाळच्या किंवा अक्कलकुव्याचं मोलगीच्या बाजारच्या दिवशी भरलं तर साक्षीदाराची मजुरी बुडणार नाही. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा होण्यापूर्वी तिथल्या माणसाचा जिल्हा धुळे होता. जिल्हा जवळ आला हा मोठा दिलासा होता, पण डोंगरातल्या पाड्यावरून तालुकाही लांबच असतो. मराठी ही खालच्या कोर्टांची भाषा झाली तरी पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बाईची साक्ष दुभाष्यामार्फतच होते, आणि दुभाषी म्हणून बहुधा जवळ उभा असलेला कुणीतरी. त्या साक्षीवर उलटतपास घेताना मला दरवेळी अस्वस्थ वाटतं. फिरत्या न्यायालयाबरोबर ती बोली जाणणारा नेमणुकीचा कर्मचारी असावा, ही मागणी मी याच यादीत धरतो.

मग ग्रामन्यायालयं रुजली का नाहीत? कायद्यात सरकार ती स्थापन 'करू शकेल' असं आहे. केंद्राची मदत म्हणजे एकदाच १८ लाख आणि पहिली तीन वर्षं सालाला फार तर ३ लाख २० हजार. इमारत, कर्मचारी, गाडी यांचा बाकी भार राज्यावर. आणि स्पष्ट सांगायचं तर आम्हा वकिलांचाही त्याला पाठिंबा नव्हता. तालुक्याला बसलेल्या वकिलाला पाड्यावर जाऊन काम परवडत नाही ही अडचण खरी आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलाचं मानधन आणि प्रवासखर्च नीट ठरवला तर ती सुटते.

एकत्रीकरणाच्या नावाने एक धोका आहे, तोही सांगायला हवा. कामकाज सुटसुटीत करायचं म्हणून तालुका कोर्टं बंद करून सगळं जिल्ह्याला नेण्याचा मोह होऊ शकतो. भुसावळ, अमळनेर, शहादा इथे जिल्हा न्यायाधीश बसू लागल्यामुळे सत्र खटल्यांचे आणि अपिलांचे साक्षीदार-पक्षकार जवळच्या जवळ येतात. ही दिशा बरोबर आहे. अधिकार एकत्र करा, ठिकाणं पसरलेली राहू द्या. मुक्ताईनगरच्या साक्षीदाराने जळगाव गाठायचं म्हणजे त्याचा दिवस गेला. तीन वेळा दिवस गेला की चौथ्यांदा तो येत नाही, आणि खटला तिथेच ढिला पडतो.

शेवटी माणसं. १९८७ मध्ये विधी आयोगाने आपल्या १२० व्या अहवालात दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश असावेत असं सांगितलं, २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांत तिथवर जाण्याचा आदेश दिला. देशात आज मंजूर पदं धरूनही तो आकडा २१ च्या आसपास आहे. पण न्यायाधीश आला आणि लघुलेखक नसला तर साक्ष होत नाही. बेलिफ एक आणि गावं पन्नास असली तर समन्स परत येतं. नाझर-शिरस्तेदाराच्या जागा रिकाम्या राहिल्या तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, महिनोन्महिने कार्यालयातच पडून राहते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी. बेलिफाची संख्या तीच ठेवून हे कसं होईल, याचं उत्तर सरकारच्या अंदाजपत्रकात द्यावं लागेल. फेररचनेच्या प्रस्तावात मी पहिल्या पानावर बेलिफ, लघुलेखक आणि दुभाषी यांच्या पदांचा तक्ता मागेन. तो नसेल तर उरलेली पानं वाचण्यात मला रस नाही.

तुम्हाला यावर प्रकल्प करायचा असेल तर कोर्टांची यादी करत बसू नका. अमळनेर तालुक्यातला वाटपाचा एक निकाली दावा घ्या, रीतसर अर्ज करून रोजनाम्याच्या नकला काढा, त्याच गटाचे फेरफार आणि तहसीलमधल्या रस्ता-प्रकरणाच्या नकला काढा, आणि सगळ्या तारखा एका कागदावर ओळीने लावा. कुठल्या दारात दावा किती काळ थांबला ते त्यातून दिसेल. असे पाच-दहा गट झाले की ते जिल्हा न्यायाधीशांना आणि आमदारांना दोघांनाही द्या, कारण यातलं अर्धं काम न्यायालयाच्या हातात आहे आणि अर्धं विधिमंडळाच्या. अमळनेर वकील संघातले ज्येष्ठ जुनी प्रकरणं शोधायला मदत करतील. मूळ नकला वाचताना मोडी किंवा जुनं हस्ताक्षर अडलं तर मला कळवा, बसून वाचू.